साठ दिवस कोठून मोजायचे : वाशी तालुक्यातील जमिनीच्या अपिलांचा परिचय

धाराशिव जिल्ह्यातील वाशी हा बालाघाटाच्या रांगेवरील कोरडवाहू तालुका आहे, आणि येथील जमिनीचे पुष्कळसे वाद दिवाणी न्यायालयाच्या आधी किंवा तेथील दाव्याच्या जोडीने महसूल अधिकाऱ्यासमोर येतात. वारसाची नोंद चुकली, भावाने बहिणींना वगळून सातबाऱ्यावर नाव लावून घेतले, बांधावरचा रस्ता अडवला गेला, शेतजमिनीवर परवानगीवाचून दुकानाचे गाळे निघाले, अशा प्रकरणांत निर्णय देणारा अधिकारी न्यायाधीश नसतो. दुष्काळ, निवडणूक, भूसंपादन आणि बंदोबस्त ही कामे ज्याच्याकडे असतात तोच उपविभागीय अधिकारी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला प्रांत, नेमलेल्या दिवशी दोन्ही बाजू ऐकून घेतो. या कामाला अर्धन्यायिक काम म्हणतात, कारण ते करताना अधिकाऱ्याने वरिष्ठांच्या सूचनेवर नव्हे, तर समोर आलेल्या पुराव्यावर, दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी देऊन आणि कारणे लिहून आदेश द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा असते.

या रचनेचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे १३१७ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०७ चा, जमीन महसूल कायदा लागू होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग मुंबई राज्यात आला, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आल्यावर विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र या तिन्ही प्रदेशांची अपिलांची पद्धत एक झाली. पूर्वी भूमशी जोडलेले वाशी विसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले, पुढे तेथे नगरपंचायत आली. गावकामगार तलाठ्याचे पदनाम अलीकडे बदलून ग्राम महसूल अधिकारी असे झाले असले, तरी गावात अजून तलाठी हाच शब्द चालतो.

संहितेतील अपिलाची उतरंड सरळ आहे. मंडळ अधिकारी किंवा तहसीलदाराच्या आदेशाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे, त्याच्या आदेशाविरुद्ध जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याकडे अपील होते. त्यानंतर विभागीय आयुक्त किंवा शासनापुढे पुनरीक्षण, म्हणजे खालच्या आदेशाची कायदेशीरता तपासून घेण्याची विनंती करता येते, आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका. कुळांचे वाद मात्र वेगळ्या वाटेने जातात, कारण मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे आणि त्यातील प्रकरणे महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणापर्यंत पोहोचतात. मोजणीच्या हरकतींची उतरंड भूमी अभिलेख खात्याची आहे. कोणत्या कागदाविरुद्ध कोणत्या दारात जायचे हे न कळल्यामुळे चुकीच्या कार्यालयात महिने गेल्याची उदाहरणे महसुली कामात नवी नाहीत.

या सर्व यंत्रणेच्या मुळाशी फेरफार आहे. जमिनीत कोणाचा हक्क निर्माण झाला की त्याची नोंद गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, तलाठी घेतो. संहितेच्या कलम १५० प्रमाणे त्या नोंदीची प्रत चावडीवर लावायची असते आणि अभिलेखावरून ज्यांचा हितसंबंध दिसतो अशा प्रत्येकाला लेखी कळवायचे असते. कोणी हरकत घेतली तर प्रकरण गाव नमुना सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. हरकत आली नाही तर नोटिशीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नाव बदलते. हरकत नसणे आणि हरकत घेणाऱ्याला नोटीसच न मिळणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, परंतु फेरफार नोंदवहीच्या पानावर त्या एकसारख्या दिसतात. वाशीतील अपिलांचा अभ्यास करताना वारंवार याच ठिकाणी थांबावे लागते.

कलम २५० म्हणते की जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने आदेश दिला असेल तर साठ दिवसांत, इतर प्रकरणांत नव्वद दिवसांत अपील करावे, आणि हे दिवस अपीलकर्त्याला आदेश मिळाल्याच्या तारखेपासून मोजावेत. कायदा करणाऱ्यांनी आदेशाची तारीख न धरता तो हाती पडल्याची तारीख धरली, हा या संहितेतील सर्वांत माणुसकीचा निर्णय म्हणावा लागेल. अडचण अशी की बिनहरकत फेरफाराचा आदेश कोणाच्या हाती पडतच नाही. प्रमाणित नोंदीखाली मंडळ अधिकाऱ्याची सही होते आणि कागद तलाठी कार्यालयातच राहतो. ज्याचे नाव कमी झाले त्याला ते कळते पीककर्जासाठी सातबारा काढताना, पीकविम्याचा अर्ज भरताना, सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गाच्या मोबदल्याची यादी लागल्यावर, किंवा पठारावर पवनचक्की उभारणाऱ्या कंपनीचा माणूस करारासाठी शेजाऱ्याकडे गेल्यावर. तोवर दहा-पंधरा वर्षे गेलेली असू शकतात.

म्हणून अपिलाबरोबर जवळजवळ नेहमी आणखी एक अर्ज येतो, विलंब माफीचा. कलम २५१ नुसार वेळेत अपील न करण्यास पुरेसे कारण होते असे पटले तर अधिकारी मुदतीनंतरचेही अपील दाखल करून घेऊ शकतो, आणि त्यासाठी फेरफाराची माहिती प्रथम केव्हा, कोठे व कशी झाली हे अर्जदाराने शपथपत्रावर सांगायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये अनंतनागचे भूसंपादन जिल्हाधिकारी विरुद्ध कातिजी या प्रकरणात विलंबाच्या कारणांकडे उदारपणे पाहावे असे सांगितले, आणि त्या निकालाचा आधार महसुली अपिलांतही घेतला जातो. परंतु उदारपणाचा अर्थ प्रत्येक अधिकारी आपल्या समजुतीप्रमाणे लावतो. अपील दाखल करून घेणाऱ्या आदेशाविरुद्ध संहितेत पुन्हा अपील ठेवलेले नाही. त्यामुळे जमीन कोणाची हा प्रश्न उघडण्यापूर्वीच, अर्जदाराला केव्हा कळले या एका प्रश्नावर प्रकरणाचे भवितव्य बहुतांशी ठरून जाते.

अपिलाचा कागद ज्या टेबलावर प्रथम येतो तेथील अव्वल कारकुनाचे काम बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही, पण या संस्थेत कौतुकास सर्वाधिक पात्र ठरावे असे तेच आहे. अपील मेमोवर न्यायालय फी मुद्रांक आहे का, वकीलपत्र आहे का, ज्या आदेशाविरुद्ध अपील आहे त्याची प्रमाणित नक्कल जोडली आहे का, सर्व हितसंबंधी व्यक्ती, मयतांचे वारसही, प्रतिवादी म्हणून पत्त्यांसह आल्या आहेत का, हे तो पाहतो; आणि नकलेवरील तारखा वाचून तो मुदतीचा हिशेब मांडतो. नकलेसाठी अर्ज केव्हा आला आणि नक्कल केव्हा तयार झाली हे तिच्यावर लिहिलेले असते, कारण नक्कल मिळवण्यात गेलेला काळ साठ दिवसांत धरायचा नसतो. समजा आदेश १ मार्चला हाती पडला, तर साठावा दिवस ३० एप्रिल. परंतु नकलेचा अर्ज ५ मार्चला दिला आणि ती १६ मार्चला तयार झाली, तर ते बारा दिवस वगळून मुदत १२ मेपर्यंत जाते, आणि तो दिवस सुट्टीचा निघाला तर कार्यालय उघडेल त्या दिवसापर्यंत. हा हिशेब चुकला तर वेळेत आलेला शेतकरी उशिरा आलेला ठरतो. पुढे प्रत्येक तारखेला कोण हजर होते, कोणी मुदत मागितली, कोणते कागद दाखल झाले याची नोंद रोजनाम्यात होते, आणि वरच्या अपिलात आपल्याला ऐकलेच नाही अशी तक्रार आली तर प्रथम रोजनामाच उघडला जातो. नीट ठेवलेला रोजनामा म्हणजे त्या प्रकरणाचा प्रामाणिक साक्षीदार.

प्रत्यक्ष सुनावणीत बाजू कशी मांडावी याविषयी एक गोष्ट महत्त्वाची आहे. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. नोंदीचा हेतू मुख्यतः महसूल कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्याचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालात आणि नंतरही सांगितले आहे. तेव्हा मृत्युपत्र खरे की खोटे यावर प्रांताधिकाऱ्यापुढे तासभर युक्तिवाद करण्यात अर्थ नसतो. नोटीस बजावली होती का, बजावणीवर सही कोणाची आहे, वारस तपासताना कोणाचा जबाब घेतला, नोंद ज्या दस्ताच्या आधारे झाली तो नोंदणीकृत होता का, हे प्रश्न टोकदार ठरतात. अपील अधिकारी आदेश कायम ठेवू शकतो, बदलू किंवा रद्द करू शकतो, अथवा फेरचौकशीसाठी खाली पाठवू शकतो. मधल्या काळात जमीन विकली जाऊ नये म्हणून कलम २५६ प्रमाणे स्थगिती मागता येते.

जमिनीच्या वापराविषयीच्या वादांचे स्वरूप थोडे वेगळे आहे. शेतजमिनीचा निवासी किंवा व्यापारी वापर करण्यासाठी पूर्वी अकृषिक परवानगी अनिवार्य होती. अलीकडच्या दुरुस्त्यांनी ती अट बरीच सैल झाली आणि कलम ४२-ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीचा निवासी वापर कर भरून मान्य होऊ लागला. तरी हद्द कोणती आणि अंतर कोठून मोजायचे यावर वाद होतोच. नगरपंचायतीच्या क्षेत्रात बांधकाम परवानगी नाकारली गेल्यास प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४७ खाली चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते.

मराठवाड्यातील अपिलांना जुन्या कागदांची एक वेगळीच खोली असते. हक्काचा उगम शोधताना १९५४-५५ चे खासरा पत्रक आणि त्याआधीची पहाणी पत्रके पाहावी लागतात. त्यांत फसली सन असतो, त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, आणि पुष्कळ मजकूर उर्दूत असल्यामुळे भाषांतर करून घ्यावे लागते. उर्दू वाचणारे कर्मचारी कमी होत चालले आहेत आणि तालुका नंतर वेगळा झाल्यामुळे एखादा कागद मूळ तालुक्याच्या अभिलेख कक्षात आहे की नव्या, हेही शोधावे लागते. इनाम जमिनींच्या प्रकरणांत तर या कागदांवाचून एक पाऊल पुढे टाकता येत नाही.

या अपिलांच्या अडचणींत दोन लोकसमूह सर्वाधिक भरडले जातात. पहिला ऊसतोड कामगारांचा. बालाघाटाच्या या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात; या पाच-सहा महिन्यांत बजावलेली नोटीस दारावर डकवली जाते, किंवा नात्यातल्याच कोणाकडे दिली जाते, आणि वाद पुष्कळदा त्याच नात्यात असतो. विलंब माफीच्या अर्जात असा अर्जदार गैरहजेरीचे खरे कारण सांगतो, पण पुराव्यासाठी त्याच्याकडे नियुक्तिपत्र नसते, वेतनचिठ्ठी नसते, आणि मुकादमाशी झालेला व्यवहार तोंडी किंवा साध्या कागदावरचा असतो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या निमित्ताने ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रे देण्याची पद्धत सुरू झाली, तिचा उपयोग येथे होऊ शकतो. मात्र कोणत्या हंगामात कोणता कामगार कोठे होता हे ओळखपत्रावरून सिद्ध होत नाही.

दुसरा समूह लेकींचा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली, २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा सहदायाद म्हणून हक्क, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतील जन्मसिद्ध वाटा, निःसंदिग्ध केला. तरी सासरी असलेल्या बहिणीला वारस नोंदीची नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते. ती घेतो भाऊ. बहीण पुढे अपिलात आली की तिला विचारले जाते की इतकी वर्षे गप्प का राहिलात, आणि या प्रश्नाचे तिच्या मनातील उत्तर, म्हणजे माहेर तुटेल ही भीती, पुरेसे कारण म्हणून शपथपत्रात क्वचितच लिहिले जाते.

या दोन्ही समूहांना काळ आणखी छळतो. निवडणूक किंवा टंचाईचे काम आले की सुनावणी पुढे जाते. युक्तिवाद ऐकलेला अधिकारी बदलून गेला तर नव्यापुढे तो पुन्हा करावा लागतो. खालच्या कार्यालयाचे मूळ अभिलेख आले नाहीत म्हणून तारखा पडतात. ई-क्यूजे कोर्ट या संगणकीय प्रणालीमुळे पुढची तारीख समजणे सोपे झाले, पण ज्याच्या प्रकरणात नोटीसच पोहोचली नाही त्याला प्रणालीत शोधायचे काय हेच माहीत नसते. आणि शेवटी फेरचौकशीचा आदेश झाला की धारिका पुन्हा मंडळ अधिकाऱ्याकडे येते.

यावर मोठ्या कायदेबदलाची गरज नाही. वाशी, भूम, कळंब यांसारख्या तालुक्यांत वारस आणि वाटणीच्या नोंदींच्या नोटिसा पाडवा ते दसरा या काळात बजावाव्यात, विवाहित मुलीचा सध्याचा पत्ता वारस तपासताना जबाबातच लिहून घ्यावा, आणि ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांची हंगामवार यादी ग्रामपंचायतीत ठेवून तिची प्रत तलाठ्याकडे द्यावी, एवढ्या सूचनांचे एक परिपत्रक जिल्हा पातळीवर निघू शकते. तशी यादी असली तर विलंब माफीच्या अर्जाला तिचा उतारा जोडता येईल, आणि अव्वल कारकुनाला साठ दिवस कोठून मोजायचे याचा कागदी आधार मिळेल.