थायरॉईडचे ऑपरेशन झाले, तरी गाठ पुन्हा?

"डॉक्टर, थायरॉईडची गाठ चौदा वर्षांपूर्वीच काढून टाकली. मग हा त्रास पुन्हा कसा?" पंचेचाळिशीच्या एका बाईंचा हा प्रश्न. छातीत धडधड, हातांना कंप, पोटभर जेवूनही वजन घटलेले. वय पाहून मी आधी पाळी जाण्याच्या काळातला त्रास समजून औषध दिले, ही माझी चूक. दुसऱ्या खेपेस मानेवरचा टाक्यांचा जुना वण दिसला, तेव्हा रक्त तपासून घेतले. टी.एस.एच. जवळजवळ शून्य, टी-३ व टी-४ बरेच वाढलेले.

थायरॉईडचा स्राव जास्त होण्याचे सर्वात नेहमीचे कारण म्हणजे ग्रेव्हज् हा आजार. यात आपल्याच रक्तातील काही प्रतिपिंडे या ग्रंथीला सतत डिवचत राहतात. ऑपरेशनने ग्रंथी जाते, प्रतिपिंडे मात्र रक्तात राहू शकतात. पूर्वी सर्जन मुद्दाम काही ग्रॅम ग्रंथी मागे ठेवीत. एक तर आयुष्यभर गोळी लागू नये म्हणून, आणि दुसरे असे की ग्रंथीच्या मागेच आवाजाची नस व कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या ग्रंथी असतात, त्यांना धक्का लागू नये म्हणून. हाच उरलेला तुकडा पुढे वाढतो. कधी दोन वर्षांनी, कधी वीस.

म्हणून ग्रेव्हज् मध्ये आता बहुधा पूर्ण ग्रंथीच काढतात. मग थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. रोग्यांना हा तोट्याचा सौदा वाटतो. मला वाटत नाही. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, यापेक्षा पुन्हा उलटलेला आजार फार महाग पडतो. नाडी अनियमित होते, हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, हाडे ठिसूळ होतात.

ऑपरेशननंतर थायरॉक्सिन घेणाऱ्यांना धडधड होऊ लागली, तर गोळीचा डोस जास्त होत असण्याचीही शक्यता असते. मात्र गोळी मनाने बंद करू नये. आधी रक्त तपासावे.

दुसरे ऑपरेशन अवघड असते. जुन्या वणामुळे सगळे चिकटलेले असते व आवाजाच्या नसेला इजा होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे अशा वेळी बहुधा किरणोत्सारी आयोडीन देतात, तेही तोंडावाटे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना ते चालत नाही. डोळे बटबटीत झाले असतील तर तेही आधी सांगावे. कार्बिमाझोल चालू असताना ताप येऊन घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका.

ज्यांचे असे ऑपरेशन झाले आहे त्यांनी, बरे वाटत असले तरी, वर्षातून एकदा टी.एस.एच. करावे. ऑपरेशनचा कागदही जपावा. ग्रंथी अर्धी काढली की पूर्ण, हे त्यावरच कळते. या बाईंचा कागद लग्नातल्या साड्यांच्या ट्रंकेत सापडला. 'दोन्ही बाजूंस थोडा भाग ठेवला' असे त्यावर स्पष्ट लिहिले होते. सध्या त्या कार्बिमाझोलवर आहेत, पुढच्या महिन्यात आयोडीनसाठी पुण्याला जातील.