बौद्धिक अक्षम विद्यार्थ्यांचे लैंगिकता शिक्षण व शिक्षकांचा दृष्टिकोन

प्रस्तावना :
बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींची बौद्धिक वाढ मंद असली, तरी बहुतेकांची शारीरिक वाढ समवयस्कांप्रमाणेच होते. मात्र ही मुले 'कायम निरागस' राहतात, अथवा त्यांच्या भावना अनावर असतात, अशा दोन परस्परविरोधी समजुती समाजात प्रचलित आहेत. दोन्हींचा परिणाम एकच : शिक्षकांचे मौन.

पार्श्वभूमी :
1994 मध्ये शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींवर पुण्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण त्यासाठी देण्यात आले. वस्तुतः पॅड बदलणे हे दात घासण्याप्रमाणेच लहान लहान टप्प्यांत विभागून, पुनःपुन्हा सरावाने शिकविता येणारे कौशल्य आहे. जेथे शिक्षण हवे होते, तेथे शस्त्रक्रिया झाली.

शिक्षकांची वृत्ती :
अनेक शिक्षकांना या शिक्षणाची गरज तत्त्वतः मान्य असते. परंतु पालकांचा रोष, प्रशिक्षणाचा अभाव आणि 'सांगितल्याने कुतूहल वाढेल' ही भीती आड येते. महाराष्ट्रात 2007 मध्ये शालेय लैंगिक शिक्षणास झालेला विरोध पाहता ही भीती निराधार म्हणता येत नाही. तथापि मौनाची किंमत विद्यार्थ्यालाच मोजावी लागते. विशेष शाळेत आज्ञाधारकपणाचे कौतुक होते. 'मोठ्यांचे ऐकावे' हे मनावर बिंबविले जाते. अत्याचार करणारा बहुधा परिचितच असतो व तो याच सवयीचा लाभ घेतो. अवयवांची नावे ठाऊक नसलेले मूल घडलेला प्रकार सांगणार तरी कसा?

कायद्याची भूमिका :
बालकाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला लैंगिक अत्याचार 2012 च्या 'पॉक्सो' कायद्याने अधिक गंभीर गुन्हा ठरविला आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रजनन व कुटुंबनियोजनविषयक माहिती मिळणे हा दिव्यांगांचा हक्क मानला असून, संमतीविना वंध्यत्व आणणाऱ्या वैद्यकीय प्रक्रियेस मनाई केली आहे.

उपाय :
खासगी व सार्वजनिक जागांतील भेद, नात्यांनुसार स्पर्शाच्या मर्यादा आणि 'नाही' म्हणण्याचा सराव हे विषय चित्रे, बाहुल्या व भूमिकाभिनयाद्वारे शिकविता येतात. प्रारंभीच पालकसभा घेऊन त्यांना विश्वासात घ्यावे. अध्यापक महाविद्यालयांनी हा विषय केवळ व्याख्यानापुरता न ठेवता सराव पाठांत समाविष्ट करावा.

समारोप :
शिक्षकाचा संकोच स्वाभाविक आहे. परंतु ज्या विद्यार्थ्याला ही माहिती स्वतः वाचून मिळविणे कठीण आहे, त्याच्यापुढे तो संकोच बाजूस ठेवणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते.