पाऊस पडला असता तर : स्वाहिलीतला संकेतार्थ

"बहात्तर साली पाऊस पडला असता, तर मी मुंबईला गेलो नसतो," असे माझे वडील शेवटपर्यंत म्हणत. दुष्काळी कामावर खडी फोडून भागेना, तेव्हा त्यांनी शिरूरकडचे गाव सोडून दौंडला गाडी धरली होती. पन्नाशीनंतर मी पुस्तकावरून स्वाहिली शिकू लागलो तेव्हा हे एक वाक्य त्या भाषेत बिनचूक लिहायचे, एवढेच ठरवले होते.

आपल्या व्याकरणात अशा क्रियापदाला संकेतार्थी म्हणतात. आपण 'जर-तर' हे शब्द क्रियापदाच्या बाहेर ठेवतो. स्वाहिलीतही 'जर'साठी 'कामा' आहे, पण खरी खूण क्रियापदाच्या पोटात असते. 'नितापांडा' म्हणजे 'मी पेरीन' : 'नि' म्हणजे मी, 'ता' ही भविष्याची खूण, 'पांडा' म्हणजे पेरणे. या 'ता'च्या जागी संकेताची खूण बसते.

पाऊस म्हणजे 'म्वुआ', ज्वारी म्हणजे 'म्तामा'. 'म्वुआ इकिन्येशा, नितापांडा म्तामा' : पाऊस पडला तर ज्वारी पेरीन. इथे 'कि' ही खूण फक्त पहिल्या क्रियापदात आहे. पाऊस अजून पडायचा असताना आपण 'पडला' असे भूतकाळी रूप वापरतो, याचे परक्या माणसाला नवल वाटते. स्वाहिलीत ती भानगड नाही. 'पडला नाही तर' म्हणायचे झाल्यास 'कि' जाऊन 'सिपो' येते : 'इसिपोन्येशा'.

अवघड भाग पुढे आहे. 'ज्वारी पेरली असती' हे आपण आजच्या कोरड्या आभाळाकडे बघूनही म्हणतो आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या हंगामाबद्दलही. स्वाहिलीचे व्याकरण दोन खुणा देते. अजून आशा असेल तर 'न्गे' : 'इन्गेन्येशा, निन्गेपांडा'. वेळ निघून गेली असेल तर 'न्गाली' : 'इन्गालिन्येशा, निन्गालिपांडा'. दोन्ही खुणा दोन्ही क्रियापदांत लागतात. मी पहिल्यातच लावून थांबत असे. नकारासाठी मध्ये 'सि' घालायचा.

आखूड धातूंनी मला फार छळले. 'ला' म्हणजे खाणे. 'मी खाल्ले तर' म्हणजे 'निकिला'. पण 'न्गे' लागला की मध्ये 'कु' येतो, 'निन्गेकुला'. 'एन्डा', म्हणजे जाणे, हा धातू आखूड नसूनही 'क्वेन्डा' होऊन त्याच वळणाने जाऊ शकतो.

शेवटी वाक्य जुळले : 'म्वाका उले म्वुआ इन्गालिन्येशा, निसिन्गालिक्वेन्डा मुंबई.' 'म्वाका उले' म्हणजे त्या वर्षी. पुण्यात शिकणाऱ्या एका टांझानियन मुलाला ते दाखवले. तो हसला. म्हणाला, "काका, बरोबर आहे, पण घरी असे कोण बोलते?" त्याने दोन्हीकडे 'न्गे' घालून दिला, 'इन्गेन्येशा... निसिन्गेएन्डा'. बोलताना तिकडेही बरेच जण दोन्ही काळांना एकच खूण वापरतात, म्हणजे आपल्यासारखेच.

वहीत मी दोन्ही वाक्ये ठेवली आहेत. वडिलांच्या नावापुढे मात्र 'न्गाली'चेच लिहिले आहे.