पैसा हवा, पण 'हवाच'?

महिन्याची पंचवीस तारीख उलटली की घरोघरी एकच सूर लागतो. दूधवाल्याचं बिल, मुलांच्या क्लासची फी, गॅसचा सिलिंडर, त्यात कुणाच्या तरी लग्नाचा आहेर! वहीतला हिशेब जुळत नाही आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. पण मैत्रिणींनो, झोप नेमकी कशानं उडते? कमी पडलेल्या दोन हजार रुपयांनी, की त्या रुपयांबद्दल आपण मनाशी जे बोलत राहतो त्यानं?

हा प्रश्न जन्मभर विचारणारे एक मानसोपचारतज्ज्ञ अमेरिकेत होऊन गेले. डॉ. अल्बर्ट एलिस. पैशाची चणचण त्यांनी पुस्तकात वाचली नव्हती, अंगावर घेतली होती.

गजराचं घड्याळ

एलिस यांचा जन्म १९१३ सालचा, पिट्सबर्गचा. वाढले मात्र न्यूयॉर्कमध्ये. वडील धंद्यापायी सदा फिरतीवर, आई आपल्याच नादात. पाच ते सात या वयात मूत्रपिंडाच्या आणि इतर दुखण्यांपायी या मुलाला आठ वेळा रुग्णालयात राहावं लागलं. एकदा तर जवळजवळ वर्षभर. भेटायला घरचं माणूस क्वचितच येई. रडत बसण्याऐवजी या पोरानं काय करावं? स्वतःच्या पैशांतून गजराचं घड्याळ विकत घेतलं आणि रोज सकाळी धाकट्या भावंडांना उठवून त्यांना कपडे घालून द्यायचं काम अंगावर घेतलं.

पुढे जागतिक मंदी आली. १९३४ साली व्यापारविषयाची पदवी हाती पडली, पण नोकऱ्या होत्या कुठे? मग भावाबरोबर एक अजब धंदा काढला. लोकांचे कोट टिकत, पँटी झिजत. त्या कोटांना शोभतील अशा पँटी शोधून विकायच्या! नंतर भेटवस्तूंच्या एका कंपनीत नोकरी केली. लेखक व्हायचं स्वप्न होतं, पण हस्तलिखितांची चळत घरातच पडून राहिली. अखेर १९४२ साली कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्र शिकायला घेतलं आणि १९४७ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

सुरुवातीला फ्रॉइडच्या वाटेनं गेले. पण रुग्ण वर्षानुवर्षं बालपणच उगाळत बसतो आणि दुखणं तसंच राहतं, हे त्यांना पटेना. १९५५ च्या सुमारास त्यांनी स्वतःची पद्धत मांडली. आपल्याकडे तिला 'विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती' म्हणतात. तिचं मूळ एपिक्टेटस या जुन्या तत्त्वज्ञाच्या विचारात आहे: माणसाला घटना त्रास देत नाही, घटनेकडे बघण्याची त्याची दृष्टी त्रास देते. आणि गंमत बघा, हा एपिक्टेटस जन्मानं गुलाम होता. पैसाअडका दूरच, स्वतःचा देहसुद्धा त्याच्या मालकीचा नव्हता! १९८२ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची पाहणी झाली, तेव्हा प्रभावी मानसोपचारतज्ज्ञांत एलिस यांचा क्रमांक दुसरा लागला, फ्रॉइडच्याही वर.

एका 'च'ची करामत

एलिस यांचं म्हणणं आपल्या मराठीत फार सोपं होतं. 'मला पैसा हवा' ही झाली इच्छा. 'मला पैसा हवाच' हा झाला हट्ट. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, माणूस दुसरा मार्ग शोधतो. हट्ट पुरा झाला नाही की माणूस कोसळतो, नाहीतर घरच्यांवर तडकतो.

समजा, जाऊबाईंनी सणाला नव्या पाटल्या केल्या. ही झाली घटना. आपलं मन म्हणतं, 'माझ्याकडेही असायलाच हव्यात; नाहीत म्हणजे माझी किंमत कमी.' हा झाला समज. मग दिवसभर चिडचिड, मुलांना धपाटे, हा परिणाम. आपण परिणामाचा दोष पाटल्यांना देतो. खरा दोष मधल्या वाक्याचा असतो, आणि ते वाक्य बदलणं आपल्या हातात असतं. 'आवडल्या असत्या, पण सध्या जमत नाही. त्यानं मी काही कमी ठरत नाही.' एवढं म्हणून बघा.

पण हे नुसतं मनात म्हणून भागत नाही, असं एलिस बजावत. लाज वाटते तीच गोष्ट मुद्दाम करून बघा, असा गृहपाठ ते रुग्णांना देत. आपला गृहपाठ हा: मोठ्या रकमेची भिशी नको असेल, तर चारचौघींत हसतमुखानं सांगायचं, 'मला सध्या परवडत नाही.' पहिल्यांदा कानशिलं तापतील. तिसऱ्या वेळी काहीसुद्धा होणार नाही.

एक मात्र ध्यानात ठेवायला हवं. रिकामा डबा विचारांनी भरत नाही. घरात खरोखर तंगी असेल, नवरा पगार हातात देत नसेल, तर 'वाईट वाटून घेऊ नकोस' हे उत्तर नव्हे. मन शांत करायचं ते सोसत राहण्यासाठी नव्हे, तर डोकं ठिकाणावर ठेवून मार्ग काढण्यासाठी: हिशेब मागायला, काम शोधायला, बँकेत स्वतःच्या नावचं खातं उघडायला. आणि झोप-भूक उडून जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावं. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मिळते.

स्वतःचा धडा

एलिस यांनी पैशाला कधी नाकं मुरडली नाहीत. १९९१ साली पॅट्रिशिया हंटर यांच्याबरोबर त्यांनी पैशाच्या विवंचनेवर पुस्तकही लिहिलं. पण स्वतःचा बडेजाव केला नाही. ते राहत आपल्याच संस्थेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. शुक्रवारी रात्री तिथं जाहीर सभा भरे. कुणीही पुढे येऊन आपली अडचण मांडावी. तिकीट कित्येक वर्षं अवघं पाच डॉलर!

म्हातारपणी परीक्षा झालीच. २००५ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षाच्या आसपास, स्वतः उभारलेल्या संस्थेच्या संचालक मंडळातून त्यांना काढण्यात आलं. ते न्यायालयात गेले आणि २००६ च्या जानेवारीत निकाल त्यांच्या बाजूनं लागला. मधल्या काळात शुक्रवारची सभा त्यांनी शेजारच्या भाड्याच्या जागेत चालूच ठेवली. अन्यायाविरुद्ध लढले, पण हातपाय गाळून बसले नाहीत. २४ जुलै २००७ रोजी ते गेले.

मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवली, डॉ. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरीही मराठीत आहे. सवड काढून जरूर वाचा. तोवर या महिनाअखेरीस हिशेबाच्या वहीत आणखी एक रकाना आखा. पहिल्यात खर्च लिहा, दुसऱ्यात त्या खर्चाबद्दल मनात आलेलं वाक्य. त्या वाक्यात 'च' दिसला की त्यावर सरळ काट मारा. पैसे लगेच वाढणार नाहीत. पण त्या रात्री झोप लागेल, आणि सकाळी काय करायचं ते स्वच्छ सुचेल.