जखम भरली, पण माणूस पूर्ववत झाला का?

बस्तरच्या जंगलात भूसुरुंग फुटला की गंभीर जखमी जवानांना हेलिकॉप्टरने रायपूरला आणले जाते. 6 एप्रिल 2010 ला ताडमेटल्यात 76 जवान शहीद झाले. 26 एप्रिल 2023 ला अरणपूरजवळ 10 जवान आणि त्यांचा वाहनचालक. मृतांचे आकडे लक्षात राहतात. वाचलेल्यांचे पुढे काय होते, हे सहसा कोणी विचारत नाही.

पाय तुटला तर दिसतो. मेंदूला बसलेला मार कवटीच्या आत लपून राहतो. सौम्य दुखापतीत तर सीटी स्कॅनही पुष्कळदा स्वच्छ येतो. मग घरी आलेला नवरा क्षुल्लक कारणावरून भडकतो, मुलांचा गलका त्याला सोसत नाही, बाजारात गेला की काय आणायचे तेच विसरतो. शेजारीपाजारी म्हणतात, डोके फिरले. बायको बिचारी अंगारेधुपारे करत बसते.

दुखापत किती गंभीर, हे ठरवण्यासाठी 1974 पासून ग्लासगो मोजपट्टी आहे. 15 पैकी 13 किंवा जास्त गुण म्हणजे सौम्य, 8 किंवा कमी म्हणजे गंभीर. म्हणजे पहिल्या दिवशीचे मोजमाप रायपूर, नागपूर, लंडन सगळीकडे सारखेच. वाटा फुटतात त्या टाके निघाल्यावर. एकाच गाडीतल्या दोघा जवानांपैकी शहरातल्याला फिजिओथेरपी, वाचा-उपचार, स्मरणशक्तीचे व्यायाम मिळू शकतात. खेड्यातल्याच्या हाती गोळ्यांची पुडी आणि विश्रांतीचा सल्ला. दुखापत तीच, मग फरक कशाचा? पत्त्याचा!

सगळाच फरक वाईट नव्हे. गोंडी किंवा हलबी बोलणाऱ्या जवानाची स्मरणशक्ती हिंदी शब्दांनी तपासली, तर निष्कर्ष चुकणारच. तिथे वेगळी वागणूक हवीच.

अमेरिकेच्या सैन्यात 2000 पासून 5 लाखांहून अधिक जणांच्या मेंदूला दुखापत झाल्याची नोंद आहे, त्यातल्या बहुतेक सौम्य. म्हणून 2010 मध्ये तिथे नियम झाला: स्फोटापासून 50 मीटरच्या आत असलेल्या प्रत्येकाची तपासणी आणि 24 तास विश्रांती, तक्रार असो वा नसो. हे बरे झाले, कारण जवान स्वतःहून ‘डोके दुखते’ असे सांगतोच कुठे? साथीदार भित्रा म्हणतील ही धास्ती!

आपल्याकडे हात-पाय गमावलेल्या सैनिकांसाठी पुण्यात 1944 पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. मेंदूच्या जखमेलाही असाच ठरलेला पत्ता हवा, आणि तो सैन्य, निमलष्करी दल, पोलीस या सर्वांसाठी एकच असावा.

वर्तनातल्या बदलाला बेशिस्त समजले जाण्याचा धोका तर आहेच. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या मानसिक आजाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2021 ला अशा आजारातून घडलेल्या वागण्यावरची शिस्तभंगाची कारवाई भेदभाव ठरवली.

घरच्यांनी डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. जवान किती वेळ बेशुद्ध होता आणि स्फोटापासून किती अंतरावर होता, हे त्यावर लिहून मागावे. डोकेदुखी, झोप, विसरभोळेपणा यांची रोजची नोंद वहीत करावी. डॉक्टर सांगेपर्यंत दारू आणि मोटारसायकल दोन्ही बंद. रजा संपण्यापूर्वी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीला ही वही सोबत न्यावी.