डांबरी संपते तिथून पुढे

बोरघाटात अपघात झाला की पोलिसांची गाडी, १०८ ची रुग्णवाहिका, क्रेन अशी चाकांवरची मदत निघते आणि डांबरीच्या कडेपर्यंत येऊन थांबते. गाडी कठडा तोडून खाली गेली असेल, तर जखमी माणसं त्या कडेखाली दोनशे-तीनशे फुटांवर, करवंदीच्या जाळीत नाहीतर कातळात अडकलेली असतात. तिथे दोर लागतो, आणि तो कुठल्या झाडाला बांधायचा हे कळणारी माणसं लागतात. घाटाच्या पायथ्याची खोपोली आणि माथ्यावरचं लोणावळा ही माणसं पुरवतात. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’, खोपोलीची ‘यशवंती हायकर्स’ आणि ‘अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी’ अशा सरळ नावाचा गट. या कामाचा पगार नाही. फोन आला की हातातलं काम टाकायचं आणि निघायचं.

घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि त्याबदल्यात त्यांनी त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. घाटात त्याचं देऊळ आहे, आणि जाणारे-येणारे तिथे नाणं टाकून हात जोडतात. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे त्याच देवळाजवळ, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, गोरेगावच्या वादक पथकाची खासगी बस दरीत गेली. तेरा जीव गेले. बसमध्ये बहुतेक तरुण पोरं होती, कार्यक्रम आटोपून घरी निघालेली. अंधारात खाली उतरून जखमींना वर आणायला पोलिसांच्या बरोबरीने स्थानिक ट्रेकर होते. घाट ओळखणाऱ्या माणसावर वाटसरूचा जीव शिंगरोबाच्या काळीही अवलंबून होता आणि आजही आहे.

हे काम बघणाऱ्याला धाडसाचं वाटतं. मला ते शिस्तीचं वाटतं. आधी अँकर पाहायचा: जिवंत झाड, पक्का कातळ किंवा कठड्याचा न हललेला खांब. एकावर भरवसा नाही, म्हणून दुसरा अँकर. एका दोराने स्ट्रेचर उतरतं, दुसरा दोर बिलेचा, म्हणजे पहिला दगा देईल तेव्हासाठी. वर एकच माणूस सूचना देतो, बाकीचे ऐकतात. दहा जण एकदम ओरडायला लागले की खालच्याला ‘सोड’ आणि ‘ओढ’ यातला फरक कळत नाही. जखमीला वर घेताना कप्प्या लावून भार विभागतात. तिप्पट फायद्याची जोडणी असेल, तर स्ट्रेचर एक फूट वर यायला तीन फूट दोर ओढावा लागतो. म्हणून काम सावकाश दिसतं, आणि कडेवरची गर्दी ‘लवकर करा’ म्हणून घाई करते.

घाईत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मणक्याचं. चेंबलेल्या गाडीतून माणसाला हातापायाला धरून ओढणारे चांगल्या भावनेनेच ओढतात. पण मान किंवा पाठीचा कणा दुखावलेला असेल, तर त्या एका हिसक्याने माणूस जन्मभर अंथरुणाला खिळू शकतो. मानेला कॉलर, डोकं एकाने दोन्ही हातांनी स्थिर धरायचं, मग सगळ्यांनी एका इशाऱ्यावर अख्खं अंग एकसंध वळवायचं आणि खाली फळी सरकवायची. हे वाचून येत नाही. रविवारी आपल्यातल्याच एकाला जखमी मानून, निजवून, पुन्हा पुन्हा करावं लागतं.

प्रत्येक हाक घाटातूनच येते असं नाही. मे २०२२ मध्ये दिल्लीहून आलेला एक तरुण इंजिनिअर लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या रानात वाट चुकला. वाट चुकल्याचं त्याने घरी फोनवर सांगितलं, मग फोन बंद पडला. गिर्यारोहक, एनडीआरएफ, नौदलाच्या ‘आयएनएस शिवाजी’चे जवान असे सगळे त्याला शोधत होते. चार दिवसांनी दरीत त्याचा मृतदेह मिळाला. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्याच भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा ‘शिवदुर्ग’ आणि ‘वन्यजीव रक्षक मावळ’चे कार्यकर्ते पाण्यात उतरले.

आणि इर्शाळवाडीची दरड. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर वाडीवर आला. वाडीला गाडीरस्ता नव्हता, पायथ्यापासून तासाभराहून अधिक चढण, वर धो धो पाऊस. हेलिकॉप्टर उडू शकलं नाही आणि जेसीबी चढू शकला नाही. एनडीआरएफचे जवान आणि खोपोली-पनवेलकडचे ट्रेकर फावड्या-कुदळींनी खणत राहिले. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली, चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. ज्यांनी तिथे खणलं, त्यांच्या मनावर काय साचलं असेल याची विचारपूस करणारी सोय आपल्याकडे माझ्या माहितीत तरी नाही, आणि मला ही उणीव दोर-कप्प्यांच्या उणिवेपेक्षा मोठी वाटते.

दोराचंही सोपं नाही. अपघाताच्या जागी डिझेल सांडलेलं असतं, बॅटरीतलं ॲसिड गळत असतं. ॲसिड लागलेला दोर वरून धडधाकट दिसतो आणि आतून कुजतो. पाय पडला तर खडे आत शिरून धागे कापतात. म्हणून प्रत्येक दोराची नोंदवही: कधी घेतला, कुठे वापरला, झटका बसला का. बसला असेल तर दोर बाद, कितीही नवा असो. कामावरून परतल्यावर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचा. थकलेल्या अंगाने केलेलं हे काम कोणत्याही फोटोत येत नाही.

रुग्णवाहिकेचंही तसंच. गावोगावी पाहिलं तर गाडी देणारा दाता मिळतो, कारण गाडीवर नाव रंगवता येतं. डिझेल, टायर, विमा, ऑक्सिजनचा सिलिंडर भरून आणणं, रात्री उठणाऱ्या ड्रायव्हरचा पगार, यावर नाव रंगवता येत नाही. म्हणून कित्येक संस्थांच्या गाड्या दोन-तीन वर्षांत मंडपाखाली उभ्या राहतात. राज्यात १०८ सेवा २६ जानेवारी २०१४ पासून ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली आणि तिने फार मोठा भार उचलला. तरी दरी आणि रुग्णवाहिका यांच्यामधली ती दोन-तीनशे फूट चढण स्वयंसेवकांच्याच खांद्यावर आहे. तिथे जीव धोक्यात घालणाऱ्यांचा विमा आणि दोरांचा खर्च सरकारने उचलला पाहिजे. हे उपकार नव्हेत, सरकार त्यांचं तेवढं देणं लागतं.

मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती अजून लोकांच्या मनातून जात नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ त्याला संरक्षण देतं. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. तेव्हा अपघात दिसला तर १०८ ला फोन करा आणि एवढं सांगा: किलोमीटरचा दगड कितवा, गाडी मुंबईकडे जाणारी की पुण्याकडे, ती रस्त्यावर आहे की खाली, किती जण दिसतात, कुणी अडकलंय का, डिझेलचा वास येतो का. मग फोन चालू ठेवा आणि पथक येईपर्यंत रस्त्यावरच्या गाड्या सावध करत तिथेच थांबा, कारण रात्री कडेवरून खालची जागा नेमकी दाखवायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नसतं.