दिनविशेष, समाजमाध्यमे आणि वैद्याचे भान

वर्षातील जवळजवळ प्रत्येक तारखेस आता कोणता ना कोणता दिन जोडला गेला आहे. हास्य दिन, मधमाशी दिन, निद्रा दिन, इतकेच नव्हे तर शौचालय दिनदेखील! काही नावे ऐकून हसू येते; परंतु समाजमाध्यमांवर वाचक क्षणभर थबकतो तो अशाच विक्षिप्त नावांपाशी. त्या क्षणाचा सदुपयोग वैद्यांनी व औषधालयांच्या चालकांनी कसा करावा, याचा येथे विचार करावयाचा आहे.

शुभेच्छा नकोत, आशय हवा

फुलांच्या चित्राखाली चिकित्सालयाचे नाव छापून शुभेच्छा पाठविल्याने काहीच साधत नाही. या दिवशी आपल्या शास्त्रास काही सांगावयाचे आहे काय, हा पहिला प्रश्न असावा. १९ नोव्हेंबरचा जागतिक शौचालय दिन संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ मध्ये स्वीकारला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग वर्णिलेले आहेत. मलवेग रोखल्याने पक्वाशयशूल, शिरःशूल, आध्मान व मलावरोध होतो, हे आपण जाणतोच. अस्वच्छ शौचालय टाळण्यासाठी दिवसभर वेग अडविणाऱ्या शाळकरी मुली, प्रवासी व नोकरदार स्त्रिया यांना हे चार सोप्या वाक्यांत सांगितले, तर तो संदेश घरोघरी पोहोचेल.

२० मे हा मधमाशी दिन. सकाळी गरम पाण्यात मध घेण्याची प्रथा सर्वत्र आहे. मध उष्ण करू नये, हा शास्त्राचा निर्देश मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. औषधालयात मध विकणाऱ्याने तो कसा घ्यावा हेही सांगितले, तर ग्राहकाचा विश्वास वाढतो.

जेथे पाऊल जपून टाकावे

खरा धोका आजारांच्या नावाने पाळल्या जाणाऱ्या दिनांचा आहे. १४ नोव्हेंबरला, मधुमेह दिनी, ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे लिहून औषधाच्या बाटलीचे छायाचित्र प्रसारित करण्याचा मोह होतो. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत मधुमेह, स्थौल्य, रक्तदाब, हृद्रोग व कर्करोग यांचा समावेश आहे. या व्याधींवरील औषधाची जनतेपुढे जाहिरात करणे हा गुन्हा आहे. अधिनियमातील ‘जाहिरात’ या शब्दाच्या व्याप्तीत छापील मजकुराबरोबरच तोंडी तसेच प्रकाश व ध्वनी यांच्या साधनांनी केलेली घोषणाही येते. तेव्हा मोबाइलवरील संदेश म्हणजे जाहिरात नव्हे, ही समजूत सोडून द्यावी. त्या दिवशी रक्तशर्करा तपासणी, पायांची निगा व चालू औषधे परस्पर बंद न करण्याचा सल्ला एवढेच द्यावे. त्यात कायद्याचा भंग नाही आणि रुग्णाचे हित आहे.

वर्षाचे नियोजन

सर्वच दिन साजरे करण्याची आवश्यकता नाही. ऋतुचर्येशी जुळणारे पाच-सहा दिन निवडावेत. मार्चमध्ये निद्रा दिन येतो, तेव्हा वसंतातील दिवास्वापाविषयी लिहावे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी येणारा हास्य दिन डॉ. मदन कटारिया यांनी १९९८ मध्ये मुंबईत सुरू केला. त्याची आठवण महाराष्ट्रातील वाचकास सहज भावेल. पूर्वी धन्वंतरी जयंतीस पाळला जाणारा आयुर्वेद दिन २०२५ पासून २३ सप्टेंबर रोजी निश्चित झाला आहे. जुन्या तारखेचे संदेश पुन्हा पाठविण्यापूर्वी ते तपासून घ्यावेत. धन्वंतरीपूजन मात्र त्रयोदशीसच करावे.

दिनाचे नाव वाचकास दारापर्यंत आणते. त्याला आत यावेसे वाटेल ते आपल्या शब्दांच्या सत्यतेमुळेच.